जाबुटिकाबाला दिलेला ताण

१६ मार्च

होळीला आलेली वेदिका आज पुण्याला परत गेली, आणि जाताना आई-बापाच्या भवितव्याचा निकाल लावून गेली.

गेल्या मे महिन्यात रविंद्र गच्चीवर झाडं लावलेल्या ड्रमांच्या मधोमध चक्कर येऊन पडला. तेव्हापासून पोरीचं एकच पालुपद: नागपूरचं घर बंद करा, माझ्या इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा आहे, तिथे राहायला या. रविंद्र वर्षभर हो-नाही करत होता. काल पुरणपोळीवर तूप वाढून घेता घेता एकदम म्हणाला, "या दिवाळीपर्यंत माझ्या गच्चीवरच्या एका तरी झाडाला फळ आलं, तर मी इथून हलत नाही. नाही आलं, तर तू म्हणशील तिथे येतो."

वेदिकाने लगेच अटी घातल्या. फळ पिकलेलं हवं, ताटात हवं, आणि ड्रॅगन फ्रूट चालणार नाही. हे बरोबरच आहे. ड्रॅगन फ्रूट आता सीताबर्डीच्या बाजारात हातगाडीवर मिळतं. ते परदेशी राहिलंच कुठे, एव्हाना त्याचं रेशनकार्डही निघालं असेल.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुणेच म्हटलं असतं. तिथे उन्हाळा माणसाला झेपेल इतका असतो, आणि माझ्यासारख्या तोंडाच्या बाईकडे तिथे कोणी वळूनही बघणार नाही. तिथे सगळ्यांचीच तशी असतात म्हणे.

१९ मार्च

विमा कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली माणसं एक तर शेअर बाजारात जातात, नाही तर सकाळी बागेत जाऊन ठरवून हसतात. आमच्या माणसाने सगळं जग निळ्या ड्रमांत भरून गच्चीवर आणलं.

मेक्सिकोचा अवोकाडो आहे. त्याचं फूल सकाळी उघडतं ते बाई म्हणून. मग मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उघडतं ते बाप्या म्हणून. त्यामुळे उलट्या वेळेचं दुसरं झाड शेजारी असलं तरच फळ धरतं. आमच्याकडे एकच आहे. नवरा गडचिरोलीला आणि बायको बुलढाण्याला, असा हा सरकारी नोकरीतला संसार. मलेशियाचा रांबुतान आहे. त्याच्या पानांच्या कडा करपलेल्या पोळीसारख्या असतात. पश्चिम आफ्रिकेचं एक झुडूप आहे. त्याचं लाल फळ खाल्लं की नंतर लिंबूही गोड लागतं. प्रत्येक लेखाआधी मी त्यातलं एक खावं, असं रविंद्रने सुचवलं आहे. त्याला अजून फळ धरलेलं नाही, म्हणून माझा रविवारचा स्तंभ सुरक्षित आहे.

आणि ब्राझीलचं जाबुटिकाबा. हे नाव म्हणायला मला पंधरा दिवस लागले. याला फळ शेंड्याला नाही, फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडाला चिकटून येतं. आपल्या उंबरासारखं, फक्त रंगाने आणि आकाराने काळं द्राक्ष. म्हणजे येतं असं रविंद्र म्हणतो. सहा वर्षांत त्याने आम्हाला सालपटांपलीकडे काही दिलेलं नाही.

मात्र या गच्चीची टिंगल करत मी आजवर चार लेख लिहिलेत. तेव्हा फळ आलंच नाही, असं अगदी म्हणता येणार नाही.

६ एप्रिल

आमचे भासरे आले. रुपराव, रविंद्रचे थोरले भाऊ. नरखेड तालुक्यात संत्रा-मोसंबीची बाग आहे त्यांची, आणि झाड या विषयात त्यांच्यावर कोर्ट नाही.

धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही जुनी रीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं पाळली आहे. मी समोर उभी असले तरी ते रविंद्रशी बोलतात. रविंद्र नसेल तर घरी काम करणाऱ्या बायजाबाईशी, आणि तीही नसेल तर भिंतीशी. मीही त्यांच्याशी कधी बोलले नाही. माझ्या तोंडापासून पूर्ण सुरक्षित असलेला विदर्भातला हा एकच माणूस.

गच्चीवर फेरी मारून ते जाबुटिकाबापाशी थांबले. खोडावर नख मारून पाहिलं.

"झाड माजलं आहे गा तुझं," ते म्हणाले. "रोज पाणी, रोज पाणी. त्याले काय गरज पडली फळ द्याची? ताण दे. पाणी तोड, पान गळू दे. मंग पाहा कसं फुटते ते."

संत्र्याला असंच करतात. उन्हाळ्यात पाणी बंद करून झाड पार सुकवायचं. मरायला टेकलं की पाणी आणि खत द्यायचं. जिवाच्या भीतीने झाड फुलांनी भरून जातं. मी रविंद्रकडे बघून म्हटलं की हे नदीकाठचं झाड आहे, त्याच्या मुळाशी कायम ओल हवी असं पुस्तकात लिहिलंय.

"तिले सांग," भासरे रविंद्रला म्हणाले, "ब्राझील राहो का काटोल, झाड झाडच रायते."

रविंद्रने मान डोलावली. विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढली तरी माणूस संत्र्याच्या घरचा. उद्यापासून पाणी बंद, थेट पाऊस लागेपर्यंत.

२२ एप्रिल

पारा त्रेचाळीसवर. पानं हाताच्या ओंजळीसारखी आत वळली आहेत. रविंद्र सकाळी वर जातो, झाडासमोर उभा राहतो आणि खाली येऊन पेपर उलटा धरून वाचतो.

२ मे

एसीच्या नळीखाली रोज बादलीभर पाणी साचतं. ते गटारात ओतणं मला पटत नाही. मी महालातल्या गल्लीत वाढलेली बाई, तिथे नळ येण्याआधी हंड्यांची रांग लागायची. म्हणून दुपारी रविंद्र झोपला की ती बादली वर नेते आणि जाबुटिकाबाच्या ड्रममध्ये रिकामी करते. जिन्याला तोच ड्रम जवळ पडतो. प्रश्न पाण्याचा आहे, झाडाचा नाही.

गाऊनची कड ओली कशी, असं त्याने आज विचारलं. कूलर गळतो म्हटलं.

११ मे

भाच्याच्या लग्नाला दोन दिवस उमरेडला होते. रविंद्रला उन्हामुळे नेलं नव्हतं. दोन रात्री मांडवात नीट झोप लागली नाही, डासांमुळेच असेल. घरी आल्याआल्या चादरी वाळल्या का ते बघायला वर गेले. ड्रममधली माती गार आणि ओली, खालच्या थाळीत बोटभर पाणी.

बादली खाली असताना पाणी दोन मजले वर कसं चढलं, हे मला उमगलं नाही. पण या घरातल्या नळजोडण्या रविंद्रने स्वतः केल्या आहेत, तेव्हा अशक्य काहीच नाही. त्याच्या चपलांना चिखल होता. विचारलं तर म्हणाला, कूलर साफ केला. मी नसताना एक तरी शहाणपणाचं काम झालं म्हणायचं.

२७ मे

नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू. शेहेचाळीसला पारा टेकला. रस्त्यावर कुत्रंही नाही.

वेदिकाचा व्हिडिओ कॉल आला. खालच्या फ्लॅटला रंग देऊन झाला, आता पडद्यांचे नमुने दाखवत होती. मी पिस्ता रंगाचे निवडले. कुठले तरी निवडावेच लागतात. रविंद्र कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बसला आणि पाणी पिऊन येतो म्हणून जो गेला, तो आलाच नाही.

रात्री भासऱ्यांचा फोन आला, पानं गळली का म्हणून. आमच्या झाडाची पानं गळायची सोडा, चार-आठ दिवसांत ती उलट ताठ झाली आहेत. पण रविंद्र त्यांना म्हणाला, "गळली ना दादा, लय गळली." त्याला थोरल्या भावाशी खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आपल्या हातून साधा ताणही नीट लागत नाही, याची बिचाऱ्याला लाज वाटली असणार.

१५ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

चार दिवसांपूर्वी पाऊस लागला, म्हणून भासरे ताण तोडायला आले. एसटीतून शेणखताचं पोतं घेऊन आले, आणि सोबत एक झाकणाचा डबा. रविंद्र त्यांच्यासाठी तर्री-पोहे आणायला चौकात गेला होता, मी भाजी चिरत होते. वरून बायजाबाईची हाक आली.

"ताई वं, मोठे दादा झाडाले रंग लावून राहिले."

मला तेव्हा कळलं डब्यात काय आहे ते. मोरचूद आणि चुना. डिंक्या रोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर संत्र्याच्या प्रत्येक झाडाचं खोड या निळ्या लेपाने रंगवतात. त्या भागात जून महिन्यात कुठल्याही बागेजवळून जा, झाडं शाळेच्या गणवेशात उभी असल्यासारखी दिसतात. भासऱ्यांनी आजवर हजारो खोडं रंगवली असतील. पण ज्याचं फूल खोडातूनच फुटतं असं झाड त्यांच्या आयुष्यात आलेलं नाही.

त्यातून कालच मला खोडावर टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या पुळ्या दिसल्या होत्या. कोणाला बोलले नव्हते, म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मी विळीवरून उठून तशीच वर धावले. बुंध्यापासून गुडघ्यापर्यंत खोड निळं झालं होतं, आणि ब्रश वर सरकत होता.

"दादा, थांबा."

ब्रश हवेत थांबला. बायजाबाईने माझ्या वतीने स्वतःच्या डोक्यावर पदर घेतला.

"याचं फूल खोडावरच येते," मी म्हटलं. "तुम्ही फुलालेच रंग लावून राहिले."

स्तंभात मी शुद्ध भाषेचा आग्रह धरते. हे वाक्य कोणाच्या तोंडून आलं कोण जाणे.

भासऱ्यांनी वाकून, जिथे लेप नव्हता तिथल्या एका पुळीला बोट न लावता निरखून पाहिलं. सरळ झाले आणि बायजाबाईला म्हणाले, "तिले सांग, औषध होतं ते." पण ब्रश डब्यात ठेवला.

रविंद्र पोहे घेऊन वर आला. त्याने झाड पाहिलं, आम्हा तिघांना पाहिलं आणि पोह्यांची पिशवी मांडीवर घेऊन खाली बसला. ओल्या फडक्याने पुसू का म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, नको, साल निघेल. भासऱ्यांनी पोहे खाल्ले नाहीत. दुपारच्या एसटीने गेले.

आता गच्चीवर निळी पाटलोण घातलेलं एक झाड उभं आहे. मी ओरडले त्याचं कारण साधं आहे. तो निळा रंग घराच्या रंगाशी अजिबात जात नाही.

३० जून

लेपाच्या वर ज्या पुळ्या उरल्या होत्या, त्या वाळून गळाल्या. पायाखाली राईसारख्या पडल्या होत्या.

रविंद्रने रांबुतान एका जुन्या सहकाऱ्याला देऊन टाकला. माळ्यावरच्या बॅगा काढून पुसून ठेवल्या. रात्री जेवताना विचारलं, पुण्याला पुस्तकं कुठली कुठली न्यायची ते बघून ठेवशील का. आवाज अगदी शांत. विम्याचा दावा नामंजूर झाल्याचं गिऱ्हाइकाला याच आवाजात सांगत असेल.

मी खूश व्हायला हवं. पुणे मलाच हवं होतं. पण रविवारचा लेख दोन दिवस सुचत नाही. पुण्याला गेल्यावर मी टिंगल कशाची करणार, हा व्यावसायिक प्रश्न आहे आणि तो कोणी लक्षात घेतलेला नाही.

एसीचं पाणी अजून वर नेते. सवय.

२१ जुलै

सकाळी बायजाबाई खाली आली ती नाकाला पदर लावून. "ताई, तुमच्या झाडाले बुरशी लागली पाहा. पुरं खोड पांढरं झालं."

मी आणि रविंद्र जिन्यात एकमेकांना ढकलत वर गेलो.

निळ्या रंगाच्या रेषेच्या बरोबर वरून, पार फांद्यांच्या बेचक्यापर्यंत, खोडावर पांढरे पिंजलेले गोंडे चिकटले होते. जांभळाचा मोहोर कोणी तरी घाईत चुकीच्या जागी लावून ठेवावा तसे. वास मंद गोड. एक मधमाशीही हजर होती. तिला पत्ता कोणी दिला देव जाणे. रविंद्र ओल्या गच्चीवर गुडघे टेकून बसला. गुडघेदुखीची सगळी तक्रार कुठे गेली ते त्याला विचारायचं मी विसरले.

त्याने भासऱ्यांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून मोठा निःश्वास, आणि मग, "पाहा, मी म्हटलं नव्हतं? ताण कसा लागला झाडाले."

मला एकदम खोकला आला. रविंद्रलाही त्याच वेळी आला. पावसाळी हवा आहे. दोघांनी काढा घ्यायला हवा.

१२ ऑगस्ट

गोंडे झडले, त्यांच्या जागी वाटाणे धरले, आणि वाटाण्यांची आता बोरं झाली आहेत. अजून हिरवी. बुलबुलांना बातमी लागली आहे. माझ्या लग्नातल्या जाळीच्या ओढणीत खोड गुंडाळलं. खाली निळी पाटलोण, वर जरीची ओढणी. झाडाचं काय ठरलंय ते त्यालाच माहीत.

सकाळी सात ते नऊ रविंद्र खुर्ची टाकून पहाऱ्याला बसतो. चहा वर न्यावा लागतो, आणि न्यायचाच तर दोन कप नेणं सोयीचं. माझी खुर्चीही आता वरच असते. लेख वरच लिहिते. खाली मोबाइलला रेंज येत नाही.

या आठवड्यातला लेख कोणाच्याच विरोधात नव्हता. संपादकांनी फोन करून तब्येत विचारली.

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. वेदिका परवाच आली, भासरे आज सकाळी आले. जूननंतर पहिल्यांदाच.

पुरणावरणाचं जेवण आटोपल्यावर रविंद्रने वर जाऊन ओढणी सोडली. काळी, टपोरी, खोडाला चिकटलेली फळं. मोजायला गेलो तर प्रत्येकाचा आकडा वेगळा येत होता. त्याने ती हाताने नाही, कात्रीने काढली. आधी महालक्ष्म्यांपुढे ठेवली, मग ताटात घातली. अटीत ताट होतं.

पहिलं फळ भासऱ्यांना दिलं. त्यांनी ते दातांत फोडलं, आतला पांढरा गर चोखला, साल चावून पाहिली, बी तळहातावर घेऊन पाहिली. शेवटी म्हणाले, "जांभूळ आणि द्राक्षाची सोयरीक झाल्यावाणी लागते." आणि दुसरं उचललं.

वेदिकाने एक खाल्लं. मग ताट खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"बाबांचं मी समजू शकते. पण आई, तू तर यायला तयार होतीस ना?"

"होतेच की," मी म्हटलं.

तिने आजूबाजूला पाहिलं. माझी खुर्ची, माझा दुसरा चष्मा, माझी बादली, कठड्यावर माझं लिखाणाचं पॅड. तीही काही माझी मुलगी उगीच नाही. पण तिने टोमणा मारला नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "आणि बाबा पुन्हा इथे पडले तर? मी पुण्याहून काय करू?"

म्हणजे इतके महिने पोरीच्या मनात हेच होतं. अटी, पडदे, रंग, सगळं याच्यावर पांघरलेलं. मी आजवर तिला फक्त हट्टी समजत होते. रविंद्र बियांकडे बघत बसला.

"पडला तर उचलायला मी आहे," मी म्हटलं. "मी वरच असते."

भासऱ्यांनी घसा खाकरला आणि झाडाला उद्देशून म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

मग तह झाला. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर रविंद्र गच्चीवर जाणार नाही. दाराला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे. तो नाराज झालेला दिसला, पण कबूल झाला. पुण्यातल्या त्या खालच्या फ्लॅटमध्ये वेदिकाच्या ऑफिसातली कोणी मैत्रीण राहायला येतेय. वेदिका संध्याकाळी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. जाताना पर्समध्ये चार फळं घेऊन गेली, अर्धी वाटेत ठेचणार हे सांगूनही.

९ सप्टेंबर

रविंद्र सकाळपासून मोबाइलवर काही तरी शोधत होता, आणि मी जवळ गेले की स्क्रीन काळी करत होता. या वयात याची एक-दोनच कारणं असतात, म्हणून हिसकावून घेतला. मँगोस्टीनचं रोप.

इंडोनेशियाकडचं फळ. जांभळ्या जाड सालीच्या आत लसणाच्या पाकळ्यांसारखा पांढरा गर. त्याला दमट हवा लागते, सावली लागते, ऊन मुळीच चालत नाही. म्हणजे नागपूर त्याच्यासाठीच वसवलंय. मी विचारलं, फळ कधी येतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बीपासून लावलेलं असेल तर आठ-दहा वर्षं. नशीब चांगलं असलं तर."

दहा वर्षांनी तो सदुसष्टचा असेल आणि मी त्रेसष्टची. तेव्हाही गच्चीवर आम्ही दोघं, हातात कप, झाड कधी मोहरतं त्याची वाट बघत. हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी त्यावर काही तरी झणझणीत बोलणार होते. चांगलं वाक्य होतं, जिभेवर तयारही होतं.

"दोन मागव," मी म्हटलं. "एक वाळलं तर पुन्हा पहिल्यापासून कोण थांबत बसणार?"